चित्रपती शांताराम

शांताराम वणकुद्रे यांचा जन्म १९०१ साली कोल्हापुरात झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु बाबूराव पेंटरांच्या कंपनीत पडेल ते काम करीत त्यांनी चित्रपटाची विद्या हस्तगत केली. पुढे ते 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी एक झाले. १९४२ साली ते वैभव सोडून त्यांनी मुंबईस स्वतःचे 'राजकमल कलामंदिर' उभारले.

औंध संस्थानातील स्वतंत्रपूर येथे कैद्यांना मोकळे ठेवून शेतीस लावण्याचा प्रयोग झाला होता. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा हिंदी चित्रपट निघाला. सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका शांतारामांनी स्वतःच केली. त्यात बैलाशी झुंजण्याचा प्रसंग होता. दुसऱ्या कोणास पुढे करणे सोपे होते. पण ते स्वतःच झुंजले आणि त्यांच्या डोळ्यांना जबर इजा झाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना पडून राहावे लागले. जगाला चित्रे दाखविणाऱ्याच्या वाट्यास असा अंधार यावा! सुदैवाने दृष्टी वाचली.

१९५८ साली या चित्रपटास बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वलाचे पारितोषिक मिळाले. आणि त्या अंधारात मनापुढे जे रंग नाचले, त्यांतून १९५९ चा 'नवरंग' जन्मास आला.