सुकुमार सेन : ज्यांनी बायकांना स्वतःचं नाव सांगायला लावलं

मतदान कमी झालं की दर वेळी एकच चर्चा सुरू होते, मतदान सक्तीचं करा. ऑस्ट्रेलियाने १९२४ साली तसा कायदा केला आणि तिथलं मतदान साठ टक्क्यांच्या आतून पुढच्याच निवडणुकीत नव्वदच्या पुढे गेलं. आपल्याकडे गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी असा कायदा केला, पण २०१५ मध्ये हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. या चर्चेत देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांची आठवण मात्र कुणी काढत नाही.

सेन बंगालचे. लंडनला गणितात सुवर्णपदक मिळवलं, मग आयसीएस अधिकारी झाले, पुढे पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. मार्च १९५० मध्ये त्यांच्याकडे निवडणुकीचं काम आलं. पंडित नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती. सेन यांनी थोडा सबूर करायला सांगितलं, कारण समोर सुमारे १७ कोटी ६० लाख मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

मग वाचता न येणाऱ्यांसाठी उमेदवारांना चिन्हं दिली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, त्यावर त्याचं चिन्ह, मतदाराने कागद फक्त त्या पेटीत टाकायचा. यातल्या लाखो लोखंडी पेट्या आपल्या मुंबईत, विक्रोळीला तयार झाल्या.

खरी अडचण यादीची होती. कित्येक बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. परक्या माणसापुढे नाव घ्यायचं नाही अशी रीत होती. सेन यांना ते मुळीच पटलं नाही. नाव सांगा म्हणून प्रयत्न झाले, बिहारमध्ये मुदतही वाढवून दिली. तरीही जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून कमी करावी लागली. निर्णय कठोर होता, टीकाही झाली. पण सेन यांचा हिशेब सरळ होता. मत कुणाच्या बायकोचं नसतं, त्या बाईचं असतं. १९५७ च्या निवडणुकीपर्यंत बहुतेक बायकांची नावं यादीत आली.

पहिली निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मतदान झालं सुमारे ४५ टक्के. सक्ती नव्हती, दंड नव्हता. पुढे १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या संसदेची निवडणूकही सेन यांच्याच देखरेखीखाली झाली. डिसेंबर १९५८ मध्ये ते निवृत्त झाले, नंतर बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९५४ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. आज मात्र त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

दंडाच्या भीतीने माणूस केंद्रापर्यंत येईलही, पण यादीत नावच नसेल तर येऊन करणार काय? आपल्या घरांत आजही सून माहेरच्या यादीत असते, सासरच्या यादीत नसते. एका कागदावर फातिमा, दुसऱ्यावर फातिमाबी, तिसऱ्यावर फातेमा शेख. यादीचं काम आम्हा शिक्षकांकडेच असतं, त्यामुळे हा घोळ रोज दिसतो. निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. नवीन नावासाठी फॉर्म ६, दुरुस्ती आणि पत्ता बदलासाठी फॉर्म ८. आज संध्याकाळी घरातल्या प्रत्येक बाईचं नाव यादीत शोधा, आणि ते तिचं स्वतःचं, बरोबर लिहिलेलं आहे ना, एवढं बघा.