जेरोम व पवित्र शास्त्रांतील नांवें

पवित्र शास्त्रांतील इब्री नांवांना अर्थ असतात, हें आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. हे अर्थ गोळा करून पाश्चात्य मंडळीच्या हातीं देणारा पुरुष जेरोम होय. तो सुमारें ३४७ सालीं स्त्रिदोन गांवीं ख्रिस्ती आईबापांच्या पोटीं जन्मला. त्याचें शिक्षण रोम शहरीं झालें, व बाप्तिस्माही तेथेंच झाला. त्याचें ग्रीक नांव हिएरोनिमस, म्हणजे पवित्र नांवाचा. नांव असें असलें तरी स्वभावानें तो तापट होता, व त्याच्या लेखणीनें पुष्कळ मित्र दुखावले.

तरुणपणीं तो सूरिया देशांतील खल्कीसच्या रानांत तपस्वी होऊन राहिला. उपास करूनही वाईट विचार मनांतून जाईनात, तेव्हां मनाला कामास जुंपावें म्हणून तो एका ख्रिस्ती झालेल्या यहूद्यापाशीं इब्री मुळाक्षरें शिकूं लागला. लातिन भाषेच्या माधुर्यास सरावलेल्या त्याच्या जिभेला ते घोगरे उच्चार फार जड गेले. कितीदां त्यानें अभ्यास सोडला, आणि कितीदां पुन्हां धरला!

पुढें ३८२ सालीं तो रोमास परत आला व तेथील बिशप दमासस ह्याचा लेखक झाला. तेथें त्याचे शत्रूही झाले. ३८५ सालीं त्यानें रोम सोडलें व पुढच्या वर्षीं बेथलेहेमास कायमचा मुक्काम केला. पौला नांवाची धनवान विधवा व तिची मुलगी युस्तोखियम ह्याही तेथें आल्या, व पौलेच्या पैशानें मठ उभे राहिले. स्तोत्रें मूळ भाषेंत गातां यावींत म्हणून ह्या बाई इब्री शिकल्या. आपल्या केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून शास्त्राचें मराठी भाषांतर केलें, त्याची येथें सहज आठवण होते.

बेथलेहेमांत जेरोमानें बरनीना नांवाचा यहूदी गुरु पैसे देऊन ठेवला. तो आपल्या लोकांच्या भयानें निकदेमाप्रमाणें रात्रीं येई.

सुमारें ३९० सालीं जेरोमानें इब्री नांवांच्या अर्थांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. असें एक जुनें ग्रीक पुस्तक फिलो ह्या यहूदी पंडिताचें म्हणून चालत असे. पण त्याच्या नकला एकमेकींशीं जुळत नसत. म्हणून जेरोमानें शास्त्राच्या एकेका पुस्तकांतील नांवें घेऊन तें काम नव्यानें केलें. इब्रींतील कित्येक निरनिराळीं अक्षरें लातिनींत एकाच अक्षरानें लिहितात, हें त्यानें आरंभींच बजावलें. ज्या लिपींत ळ नाहीं तींत काळ व काल हे शब्द सारखेच दिसतील, आणि मग अर्थ सांगणारा फसेल.

तथापि रूढीला अनुसरून त्यानें ग्रीक व लातिन नांवांनाही इब्री अर्थ लाविले. फिलिप्प म्हणजे घोड्यांची आवड असणारा, हा उघड ग्रीक अर्थ. पण पुस्तकांत दिव्याचें तोंड असा अर्थ दिला आहे! असे अर्थ ओढूनताणून लाविलेले आहेत, हें वाचकांस दिसतच असेल, असें त्यानेंच त्या पुस्तकांत कबूल केलें. मरीया ह्या नांवाचा एक अर्थ त्यानें समुद्राचा थेंब असा लिहिला होता, पण नकलाकारांच्या हातून लातिन शब्दांतील एक अक्षर बदलून समुद्राचा तारा झाला, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. त्या ताऱ्याचीं गाणीं शेंकडों वर्षें गाइलीं गेलीं.

आपल्या उपदेशक बंधूंपैकीं कांहींजण वंशावळींतील प्रत्येक नांवांतून गूढ काढून त्यावर सबंध उपदेश उभारतात. ऐकणाऱ्यांस तें गोड लागतें. परंतु गरीब मंडळी त्यालाच देवाचें वचन समजते, आणि धोका तो हाच. इसहाक, याकोब, नाबाल ह्या नांवांचे अर्थ शास्त्र स्वतःच उलगडतें, व नामीनें आपणास मारा म्हणवून घेतलें त्याचें कारणही तेंच सांगतें. तेथें निर्भयपणें बोलावें.

जेरोमाचें मोठें काम म्हणजे जुन्या कराराचें इब्रीवरून केलेलें लातिन भाषांतर. तें सुमारें ४०५ सालीं पुरें झालें. पौला आदल्याच वर्षीं वारली होती.

बेथलेहेम म्हणजे भाकरीचें घर, हा अर्थ त्याच्या फार आवडीचा. ४१० सालीं गॉथ लोकांनीं रोम लुटलें, आणि कालचे श्रीमंत लोक भिकारी होऊन त्या लहानशा गांवीं अन्न मागत आले. त्या वेळीं जेरोम यहेज्केलावर टीका लिहीत होता. तो ग्रंथ त्यानें बाजूला ठेवला व त्यांच्या सेवेस लागला. ४२० सालीं तो तेथेंच मरण पावला. यिर्मयावरील त्याची टीका अपुरी राहिली.