निळ्या बाळांची कैवारी : डॉ. हेलन टॉसिग

हृदयाचे ठोके कानांनीं ऐकावयाचे असतात, असें आपण सारे समजतों. परंतु ज्यांस ते ठोके ऐकूं येईनासे झाले, त्यांनींच बालहृदयाच्या वैद्यकाचा पाया घातला, हें आमच्या विद्यार्थिवर्गास नवल वाटेल. त्या विदुषीचें, डॉ. हेलन टॉसिग यांचें, चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हेलन यांचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत केंब्रिज येथें ता. २४ मे १८९८ रोजीं झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठांत अर्थशास्त्राचे अध्यापक होते. हेलन ११ वर्षांची असतांना तिची आई क्षयानें निवर्तली. त्यांतच या मुलीस वाचन फार जड जाई; वडिलांनीं मोठ्या धीरानें तिचा अभ्यास करून घेतला. १९२१ सालीं ती कॅलिफोर्निया विद्यापीठाची पदवीधर झाली. हार्वर्डचें वैद्यकीय विद्यालय त्या काळीं स्त्रियांस पदवी देत नसे. म्हणून तिनें पुढें बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यालयाची वाट धरली, आणि १९२७ सालीं ती डॉक्टर झाली.

१९३० सालीं तेथील मुलांच्या हृदयरोगाच्या दवाखान्याची धुरा त्यांजकडे आली. त्याच सुमारास त्यांची श्रवणशक्ति क्षीण होऊं लागली. दुसरें कोणी खचलें असतें. बाईंनीं बालकाच्या छातीवर बोटें टेकून हृदयाची चाल ओळखण्याची संवय केली, आणि क्षकिरणांच्या साह्यानें धडधडतें हृदय डोळ्यांनीं पाहिलें.

त्यांनीं काय शोधिलें, हें कळण्यास गर्भांतील बालकाकडे पाहिलें पाहिजे. तें फुप्फुसांनीं श्वास घेत नाहीं. प्राणवायु त्यास आईकडून नाळेवाटे मिळतो. म्हणून फुप्फुसांकडे निघालेलें बहुतेक रक्त एका आखूड वाहिनीनें परस्पर महाधमनींत जातें. जन्मानंतर थोड्याच दिवसांत ही वाहिनी मिटते. परंतु कांहीं बालकांचें हृदय गर्भांतच सदोष घडतें. फुप्फुसांकडील वाट अरुंद राहते, अंगास पुरेसा प्राणवायु मिळत नाहीं, आणि ओठ व नखें निळीं पडतात. बाईंनीं पाहिलें कीं, ती वाहिनी उघडी असेतों अशीं मुलें तग धरतात व ती मिटतांच खालावतात. मग मिटलेली वाट माणसानें पुन्हां कां करूं नये?

बोस्टनच्या एका प्रख्यात शस्त्रवैद्यानें या कल्पनेकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक बाल्टिमोरास आले. त्यांचे कृष्णवर्णी साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून ती शस्त्रक्रिया सिद्ध केली. ता. २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं एका चिमुकल्या मुलीवर ती झाली. थॉमस ब्लेलॉक यांच्या पाठीशीं उभे राहून मार्ग दाखवीत होते. ती मुलगी कांहीं महिन्यांनीं वारली. परंतु तिच्यामागून हजारों मुलें वांचलीं. १९४५ च्या प्रबंधांत मात्र थॉमस यांचें नांव आलें नाहीं. ती उणीव फार उशिरां भरून निघाली, आणि आज त्या शस्त्रक्रियेस तिघांचेंही नांव देतात.

१९४७ सालीं बाईंनीं जन्मजात हृदयदोषांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६२ सालीं त्या जर्मनींत गेल्या. गर्भवती स्त्रियांनीं घेतलेल्या थॅलिडोमाइड नामक औषधानें बालकें हातापायांनीं व्यंग जन्मत होतीं. तें स्वतः पाहून त्यांनीं आपल्या देशास सावध केलें. ता. २० मे १९८६ रोजीं मोटारीच्या अपघातांत त्यांचें निधन झालें.

आज आईच्या उदरावर ध्वनिलहरींचें यंत्र फिरवून, बहुधा १८ ते २२ व्या आठवड्यांत, गर्भाचें हृदय तपासतां येतें. त्याची गति फाजील वाढली असल्यास आईस औषध देऊन ती पुष्कळदां आवरतां येते. दोष गंभीर असल्यास प्रसूति सुसज्ज रुग्णालयांत योजितात, आणि जरूर त्या बालकास औषध देऊन, शस्त्रक्रिया होईतों, तीच लहानशी वाहिनी उघडी ठेवितात. जी वाट मिटल्यामुळें मुलें जात, ती मिटूं न देण्याचें हें काम, बहिऱ्या झालेल्या एका स्त्रीनें बोटांनीं व डोळ्यांनीं शोधिलेल्या सत्यावरच उभें आहे.