माइकवरची पाटी : शिकागो रेडिओवाले नानिक मोटवाने

गांधीजी, नेहरू किंवा सुभाषबाबू भाषण करतानाचा एखादा जुना फोटो शोधा. चेहरा ओळखायला वेळ लागत नाही. आता नजर जरा खाली, माइकवर आणा. अशा बऱ्याच फोटोंमध्ये माइकवर एक छोटी पाटी दिसते आणि तिच्यावर नाव असतं शिकागो रेडिओ. कुणालाही वाटेल, अमेरिकेची कंपनी असणार. पण ही कंपनी आपल्या मुंबईची. आणि ज्या माणसामुळे ती पाटी स्वातंत्र्यलढ्याच्या फोटोंत कायमची बसली, त्याचं नाव नानिक मोटवाने.

आज स्पीकर म्हटलं की आपल्याला डीजे आठवतो. ज्यांना आवाजाचा खरा नाद आहे ते मोठ्या शहरांतल्या हाय-फाय शोला जातात. तिथे बंद खोलीत सोफ्यावर बसून लाखो रुपयांचे स्पीकर ऐकायचे, तबल्याची थाप कशी उमटते, गायिकेचा श्वास ऐकू येतो का, हे तपासायचं. मोटवानेंपुढचा प्रश्न याच्या अगदी उलटा होता. खोली नाही, भिंती नाहीत, बऱ्याचदा वीजही नाही. समोर हजारो माणसं, आणि बोलणाऱ्याचा आवाज बारीक.

सिंधमधून मुंबईत

मोटवाने कुटुंब मूळचं सिंधचं. नानिक यांचे वडील ज्ञानचंद यांनी १९०९ मध्ये तिकडे विजेच्या सामानाचा धंदा सुरू केला. पुढे तो कराचीला आणि १९१९ मध्ये मुंबईला आला. ते अमेरिकेतल्या शिकागो टेलिफोन सप्लाय कंपनीचा माल आणायचे, त्यावरूनच दुकानाला शिकागोचं नाव पडलं. टेलिफोन, मग रेडिओ, मग लाउडस्पीकर. परदेशात जे नवं निघेल ते इकडे आणून विकायचं, असा सरळ व्यापार. नानिक यात तरुणपणीच उतरले.

त्या काळातल्या सभा कशा होत्या, याचा अंदाज घ्यायचा तर आपल्यापासून तासा-दीड तासावरचं नागपूर घ्या. डिसेंबर १९२० मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि असहकाराचा ठराव पक्का झाला. प्रतिनिधीच १४ हजारांहून जास्त होते. लाउडस्पीकर मात्र नव्हता. ज्यांची छाती मजबूत त्यांचा आवाज मागच्या रांगांपर्यंत जायचा, बाकीच्यांचा नाही. नाटकातल्या नटांना जो रियाज लागायचा, तो पुढाऱ्यांनाही लागत होता. गांधीजींकडे तसा आवाज नव्हता. ते हळू, एका पट्टीत बोलायचे. मागे उभ्या असलेल्या माणसाला फक्त दर्शन व्हायचं, शब्द मिळायचे नाहीत.

१९२९ च्या सुमारास नानिक यांनी हे स्वतः बघितलं. लोकांना ऐकू जावं म्हणून गांधीजींना एकाच मैदानात एका व्यासपीठावरून दुसऱ्या व्यासपीठावर जाऊन बोलावं लागत होतं. माल विकणाऱ्या तरुणाला इथे आपलं काम सापडलं.

कराची, मार्च १९३१

दोन वर्षांनी कराचीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. वातावरण तापलेलं होतं. २३ मार्चला भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली होती. त्याला आठवडाही उलटला नव्हता. संतापलेल्या तरुणांनी गांधीजींना काळे झेंडे दाखवले. अशा गर्दीत अर्धवट ऐकू आलेलं वाक्य म्हणजे अफवेला आमंत्रणच. मूलभूत हक्कांचा ठरावही याच अधिवेशनात झाला. या अधिवेशनाला मोटवानेंचे लाउडस्पीकर लागले, आणि तिथून शिकागो रेडिओ आणि काँग्रेसच्या सभा हे समीकरण जमलं ते पुढची तीसेक वर्षं टिकलं. यातली बरीच सेवा मोटवानेंनी पैसे न घेता दिली.

फुकट असली तरी ती सोपी नव्हती. १९३६ मध्ये अधिवेशन पहिल्यांदाच खेड्यात गेलं, ते खानदेशातल्या फैजपूरला. १९३८ मध्ये गुजरातमधल्या हरिपुऱ्याला सुभाषबाबू अध्यक्ष होते. खेड्यातल्या सभेचा अर्थ आवाजवाल्यासाठी एकच, सगळं सोबत न्यायचं. मोटवाने आणि त्यांची माणसं एक-दोन दिवस आधीच पोचायची. बांबू रोवायचे, त्यावर कर्णे बांधायचे, तारा ओढायच्या, बॅटऱ्या तपासायच्या. आज आपल्याकडे लग्नाला बिछायत केंद्रवाला आदल्या दिवशी येऊन जे करतो, तेच. फरक इतकाच की इथे आवाज बंद पडला तर अख्ख्या देशाचा खोळंबा.

कर्णाच का?

हाय-फाय शोमध्ये कुणी कर्ण्याला नाकं मुरडेल, पण मैदानासाठी त्याला तोड नव्हती. माइक आवाजाचं रूपांतर विजेच्या लहरींत करतो, ॲम्प्लिफायर त्या मोठ्या करतो आणि स्पीकरचा पडदा पुन्हा हवा हलवतो. त्या काळचे व्हॉल्व्हवाले ॲम्प्लिफायर आजच्या मानाने फारच कमी ताकदीचे. कर्णा घशाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद असतो, त्यामुळे पडद्याची हालचाल वाया न जाता हवेत उतरते. म्हणजे थोड्या विजेत आवाज लांब जातो. बदल्यात खर्ज गायब होतो. गाणं त्यावर नाकातलं वाटतं. पण बोलणं समजायला खर्ज लागतच नाही. टेलिफोनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज येतो, तरी आपण समोरच्याला ओळखतो ना!

दुसरी भानगड वेळेची. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. एक कर्णा जवळ आणि दुसरा १७० मीटर लांब असेल, तर दुसऱ्याचा शब्द अर्धा सेकंद उशिरा पोचतो आणि एका वाक्यावर दुसरं चढतं. म्हणून कर्णा कुठे बांधायचा आणि तोंड कुठे करायचं, यातच खरी हुशारी. गर्दी जेवढी मोठी, तेवढी ती जास्त लागायची.

खटल्यातलं नाव

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर भारत छोडोचा ठराव झाला आणि दुसऱ्या पहाटे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली, रेडिओ तर सरकारचाच. तेव्हा उषा मेहता आणि तिच्या साथीदारांनी २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. उषा तेव्हा २२ वर्षांची कॉलेजकन्या होती, म्हणजे आपल्यातलीच. पोलिसांना चुकवायला ठिकाणं बदलली जायची. आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरला काय अत्याचार झाले, हे छापायची सोय नव्हती तेव्हा या रेडिओने सांगितलं.

असं केंद्र चालवायला धाडस पुरत नाही, सामान लागतं. ते आणि त्यातली माहितगार माणसं मिळाली शिकागो रेडिओकडून. १२ नोव्हेंबरला धाड पडली, केंद्र बंद झालं. पकडलेल्यांमध्ये नानिक मोटवानेही होते. व्यापाऱ्याला गमवायला बरंच काही असतं. दुकान, परवाने, सरकारी गिऱ्हाईक, सगळंच पणाला लागलं. १९४३ च्या निकालात उषा मेहतांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली. मोटवाने मात्र निर्दोष सुटले.

पाटीचा हिशेब

मोटवाने साधू नव्हते, हेही सांगायला हवं. माइकवरची पाटी म्हणजे जाहिरातच होती, आणि देशातल्या सगळ्यात जास्त बघितल्या जाणाऱ्या जागेवर होती. धंद्याला तिचा फायदा झालाच असणार. पण फायद्यासाठीच सगळं असतं, तर १९४२ मध्ये मागच्या दाराने निघून जाणं सोपं होतं. ते गेले नाहीत. स्वातंत्र्यानंतरही नेहरूंच्या सभांना शिकागोचे कर्णे लागत राहिले. शिवाय मोटवानेंनी पुढाऱ्यांची भाषणं ध्वनिमुद्रित केली, सभांचं चित्रीकरण केलं आणि ते जपून ठेवलं.

इतिहासाच्या पुस्तकात भाषण कुणी दिलं हे असतं, ते मागच्या रांगेपर्यंत कुणी पोचवलं हे नसतं. कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा झाडीपट्टीच्या नाटकाला मंडपाच्या कडेला मशीनपुढे एक जण रात्रभर बसलेला असतो. आवाज नीट असला की त्याच्याकडे कुणी बघत नाही, माइकने शिट्टी मारली की सगळे एकदम वळून बघतात. नानिक मोटवाने आयुष्यभर त्याच जागेवर बसले. फक्त त्यांच्या माइकपुढे देश बोलत होता.