लूसी विल्स : रोगाचे मूळ ताटात शोधणारी संशोधिका

अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्यात, मेळघाटच्या डोंगराळ पाड्यांवर, गर्भवती स्त्रियांना शासकीय आरोग्यसेवेमार्फत एक छोटी लाल गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. लोहाचे महत्त्व वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक होते. फोलिक आम्लाचा माग मात्र आपल्याच राज्यात, मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेत लागला. तो लावणाऱ्या विदुषी म्हणजे डॉ. लूसी विल्स.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील सटन कोल्डफील्ड येथे झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये परीक्षा दिली. परंतु त्या काळी ते विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नसे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेत रुग्णशुश्रूषा केल्यानंतर त्या वैद्यकाकडे वळल्या. १९१५ मध्ये लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय विद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि १९२० मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या डॉक्टर झाल्या.

भारतातील मातामृत्यूंच्या चौकशीसाठी डॉ. मार्गारेट बॅल्फोर यांनी सुरू केलेल्या कार्यात सहभागी होण्याकरिता १९२८ मध्ये विल्स मुंबईत आल्या. येथील अनेक गर्भवतींना तीव्र रक्तक्षय होत असे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, आकाराने मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत. विल्स यांनी केवळ रक्ताची तपासणी केली नाही. या स्त्रिया काय खातात, याचीही त्यांनी बारकाईने नोंद घेतली. निरनिराळ्या थरांतील स्त्रियांचा आहार ताडून पाहता त्यांना असे आढळले की, ज्यांचा आहार सर्वांत निकस, त्या गरीब मुस्लिम स्त्रियांमध्येच या रोगाचे प्रमाण सर्वाधिक होते.

हा संबंध प्रयोगाने पडताळणे आवश्यक होते. गरीब घरांतल्यासारखा आहार त्यांनी उंदरांच्या गाभण माद्यांना दिला. माद्यांना रक्तक्षय झाला. आहारात यीस्ट मिसळल्यावर तो टळला. मात्र उंदरांना झालेल्या उवांमुळे हे निष्कर्ष शंकास्पद ठरले. तेव्हा विल्स यांनी माकडांवर पुन्हा प्रयोग केले. त्यांतून यीस्टच्या अर्काचा गुण स्पष्ट झाला. हा अर्क म्हणजे मद्यनिर्मितीत उरणाऱ्या यीस्टपासून केलेला, इंग्लंडच्या घरोघरी पावाला लावला जाणारा 'मार्माइट' हा स्वस्त पदार्थ होता. तो दिल्यावर रुग्ण स्त्रियाही बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुसऱ्या एका घातक रक्तक्षयावर गुणकारी असलेला यकृताचा शुद्ध अर्क येथे निष्प्रभ ठरतो, हेही पुढे त्यांनी दाखवून दिले. याचा अर्थ, यीस्टमध्ये काही वेगळेच द्रव्य होते. त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स घटक' असे नाव पडले.

१९४१ मध्ये अमेरिकन संशोधकांनी हे द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे केले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल म्हणू लागले. १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील चमूने ते प्रयोगशाळेत तयार केले. गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक आम्ल घेतल्यास अर्भकाच्या मेंदूचे व पाठीच्या कण्याचे गंभीर जन्मदोष मोठ्या प्रमाणात टळतात, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ते पाहण्यास विल्स हयात नव्हत्या. निवृत्तीनंतरही जमैका, फिजी येथे आहार व रक्तक्षय यांचा अभ्यास करीत राहिलेल्या या अविवाहित संशोधिकेचे १६ एप्रिल १९६४ रोजी निधन झाले.

विल्स यांच्या शोधातून गोळी निर्माण झाली, तरी त्यांच्या अभ्यासाचा आरंभ ताटापासून झाला होता, हे विसरता येत नाही. ज्या स्त्रीच्या ताटात डाळ, हिरवी भाजी आणि फळ नाही, तिची उणीव गोळी काही अंशी भरून काढते; भूक मात्र तशीच राहते. म्हणूनच महाराष्ट्राच्या आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून गर्भवती व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचा चौरस आहार देण्याची अमृत आहार योजना राबविली जाते. धारणीच्या मातेपर्यंत गोळी आणि घास ही दोन्ही पोहोचतील, तेव्हाच परळच्या प्रयोगशाळेतील ते संशोधन पूर्णत्वास गेले असे म्हणता येईल.

स्वयं-अध्ययन प्रश्न : लूसी विल्स यांच्या संशोधनपद्धतीत आहाराच्या निरीक्षणाला कोणते स्थान होते, ते तुमच्या परिसरातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.