स्वस्त शेअरचा हिशेब मांडणारे प्राध्यापक : बेंजामिन ग्रॅहम

१९०७ साली अमेरिकेच्या शेअर बाजारात हाहाकार उडाला, तेव्हा न्यूयॉर्कमधील एका विधवेने उसनवारीवर घेतलेले यू. एस. स्टीलचे शेअर मातीमोल झाले. पती चार वर्षांपूर्वीच निवर्तले होते आणि पदरी तीन मुलगे होते. त्यांतला धाकटा, तेरा वर्षांचा बेंजामिन, हे सारे पाहत होता. मूल्याधारित गुंतवणुकीचे जनक म्हणून पुढे जगाने ओळखले ते बेंजामिन ग्रॅहम हेच.

त्यांचा जन्म ९ मे १८९४ रोजी लंडनमध्ये झाला. कुटुंबाचे मूळ आडनाव ग्रॉसबॉम. बेंजामिन वर्षाचे असतानाच ते अमेरिकेत आले. १९१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेताच इंग्रजी, गणित आणि तत्त्वज्ञान अशा तिन्ही विभागांनी त्यांना अध्यापनासाठी बोलावले. ग्रॅहम मात्र वॉल स्ट्रीटवरील एका दलाली पेढीत कामाला लागले. घरची ओढाताण पाहता त्यात नवल नव्हते.

त्या काळी शेअर घेणे म्हणजे कानावर आलेल्या कुजबुजीवर पैसे लावणे. ताळेबंद वाचणारे थोडेच. १९२६ मध्ये ग्रॅहम सरकारी दप्तरातील अहवाल चाळत बसले आणि नॉर्दर्न पाइपलाइन या लहानशा तेलवाहिनी कंपनीची नोंद त्यांच्या हाती लागली. शेअरचा भाव होता ६५ डॉलर. कंपनीच्या तिजोरीत मात्र दर शेअरमागे सुमारे ९५ डॉलरचे रोखे व अन्य मत्ता पडून होती. व्यवसायाला त्या पैशाची गरजही नव्हती. त्यांनी शेअर जमवले आणि हा पैसा भागधारकांना परत द्या, अशी मागणी केली. पहिल्या वर्षीच्या सभेत त्यांच्या ठरावाला अनुमोदन द्यायलाही कोणी नव्हते. पुढच्या वर्षी ते भागधारकांची मुखत्यारपत्रे घेऊन गेले, संचालक मंडळाच्या दोन जागा जिंकल्या आणि अखेर दर शेअरमागे ७० डॉलर वाटले गेले.

या यशाने ते थोडे निर्धास्त झाले असावेत. १९२९ च्या पडझडीत त्यांच्या निधीचे सुमारे २० टक्के नुकसान झाले, ते तसे सोसण्याजोगे होते. घात केला १९३० ने. वाईट काळ सरला असे मानून त्यांनी कर्जाऊ पैशाने खरेदी केली आणि निधी त्या एका वर्षात निम्म्यावर आला. १९३२ अखेरपर्यंत एकूण घट ७० टक्क्यांच्या घरात गेली. ही गोष्ट त्यांच्या गौरवगाथेत घाईने उरकली जाते. माझ्या मते त्यांचे सारे विचार तिच्याच पोटातून आले. स्वस्त घेतलेली वस्तू आणखी स्वस्त होऊ शकते आणि त्या वेळी डोक्यावर कर्ज असेल तर थांबण्याची मुभाच राहत नाही, हे त्यांना स्वतःच्या अंगावर शिकावे लागले. तोटा भरून निघेपर्यंत, म्हणजे १९३५ अखेरपर्यंत, त्यांनी व भागीदार जेरोम न्यूमन यांनी मोबदला घेतला नाही.

या पडत्या काळातच, १९३४ मध्ये, डेव्हिड डॉड यांच्यासह लिहिलेला ‘सिक्युरिटी अॅनालिसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९४९ चे ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ हे पुस्तक सामान्य गुंतवणूकदारासाठी होते. १९७३ च्या आवृत्तीत सावध माणसासाठी दिलेल्या कसोट्या अशा : कंपनी मोठी असावी, तिने वीस वर्षे अखंड लाभांश दिलेला असावा, दहा वर्षांत एकदाही तोटा नसावा, भाव सरासरी नफ्याच्या १५ पटींहून आणि पुस्तकी मूल्याच्या दीडपटीहून फार वर नसावा. अशा दहा ते तीस कंपन्यांत पैसा विभागावा. बड्या कंपन्यांचे आजचे मूल्याधारित फंडही शेअरचा भाव नफा आणि पुस्तकी मूल्य यांच्या तुलनेत तपासतात. आपल्याकडे बाजारमूल्यात पहिल्या शंभरांत येते ती मोठी कंपनी.

चाळणीतून धोका मात्र गळून पडत नाही. काही शेअर स्वस्त असतात ते धंदाच खंगत चालला आहे म्हणून. तिथे वाट पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. असे फंड बँका, तेल, वीज अशा मोजक्या क्षेत्रांत एकवटण्याचीही शक्यता असते. आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस तंत्रज्ञान कंपन्यांची तेजी चालली होती, तशा काळात त्यांचा गुंतवणूकदार वर्षानुवर्षे मागे राहतो. कंपनी मोठी आहे म्हणून भाव निम्मा होणार नाही, अशी हमी कोणीच देत नाही.

ग्रॅहम यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा लाभ तर त्यांच्याच नियमाच्या विरुद्ध जाऊन झाला. १९४८ मध्ये त्यांनी निधीचा सुमारे चतुर्थांश भाग घालून गायको या विमा कंपनीचा निम्मा हिस्सा ७,१२,५०० डॉलरना घेतला. या एका व्यवहाराने त्यांच्या इतर सर्व गुंतवणुकींच्या एकत्रित नफ्याहून अधिक दिले. कोलंबियातील त्यांचे विद्यार्थी वॉरेन बफे १९५४ ते १९५६ या काळात त्यांच्याकडे नोकरीस होते. १९५६ मध्ये ग्रॅहम यांनी निधी बंद केला आणि ते कॅलिफोर्नियात जाऊन राहिले.

२१ सप्टेंबर १९७६ रोजी फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी गायको दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. ६१ डॉलरपर्यंत चढलेला तिचा शेअर दोन डॉलरवर आला होता. बफे यांनी तो पुन्हा विकत घ्यायला सुरुवात केली ती याच वर्षी.