असन्निधानातील निष्ठा

सावनेर परिसरातून श्रीक्षेत्र रिद्धपुरास वंदनासाठी जाणाऱ्या सद्भक्तांस आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य परिचित आहेत. त्यांनी घरदार सोडले. परंतु त्यांचा कठीण त्याग तो नव्हे. ज्या सर्वज्ञांसाठी सर्व सोडले, त्यांच्याच सन्निधानास शके ११९६ च्या सुमारास (इ. स. १२७४) ते अंतरले. उत्तरापंथे गमन करताना स्वामींनी श्रीप्रभूंकडे जाण्याची आज्ञा दिली होती. वियोगाने आचार्यांस देहभान उरले नाही. आज्ञा मात्र उरली. ते रिद्धपुरास आले, श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथेच म्हाइंभटांनी लीळा संकलित केल्या, त्या आचार्यांनी आठवून आठवून पडताळल्या. प्रत्येक आठवणीत वियोग पुन्हा भोगावा लागला असेल! सुमारे बारा वर्षांनी श्रीप्रभूंचेही सन्निधान सरले. मग आचार्यांनी मागे राहिलेल्यांचा सांभाळ केला. त्यांतील म्हाताऱ्यांस कळावे म्हणून धर्मनिरूपण मराठीतच ठेवविले.